तंबूपुरती सपाटी

पाटीवर लिहिलंय: राज्याचं जंगल.
खाली बारीक अक्षरात, अस्वलांना खायला घालू नये.
खांबाला पत्र्याची पेटी, पेटीत वही,
दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल.
नाव. माणसं किती. मुक्काम. येण्याचं कारण.
मी लिहिलं, चालणं.
ओर्फा स्ट्रोहेकरनं पेन्सिल काढून घेतली
आणि माझ्या ओळीखाली तिरकं लिहिलं,
मोजणी.

वय एक्याऐंशी. गुडघा एक स्वतःचा, एक दवाखान्याचा.
म्हणाली, चढ जाणवत नाही ना इथे?
आगगाडीला झेपायचा नाही म्हणून वाट अशी कापली.
आपण रुळांवरून चालतोय.
खाली पाहिलं तर रूळ नव्हते,
ते कधीच भंगारात गेलेले;
स्लीपर कुजले त्या जागी शेवाळाच्या पट्ट्या,
आणि माझा कोल्बी
एक सोडून एक पट्टीवर उड्या मारत पुढे.

किती जुनं असेल हे अरण्य, मी विचारलं,
चर्चमध्ये बोलतात तसा आवाज खाली आणून.
माझ्या आईपेक्षा लहान, ती म्हणाली.
आई पोर होती तेव्हा इथे सावलीला झाड नव्हतं.
हेमलॉकची साल चामडं कमावायला गेली,
सोललेले बुंधे उन्हात पडून राहिले,
मग इंजिनाची एक ठिणगी.
तीन उन्हाळे डोंगर जळत होता.
कंपनी कर थकवून निघून गेली
आणि कवडीमोलानं राज्याच्या गळ्यात पडला
कुणालाच नको असलेला डोंगर.
तू फोटो काढतेयस तो.

संध्याकाळी त्या सगळ्या उतारावर
एकच जागा सपाट सापडली, परातीसारखी गोल.
तंबूची खुंटी लोण्यात जावी तशी आत गेली.
शिधा दोरीनं उंच फांदीला टांगला.
ओर्फा म्हणाली, ही कोळशाची भट्टी.
माझा पणजोबा अशाच एका भट्टीशी रात्र काढायचा
एका पायाच्या स्टुलावर.
डुलकी लागली की तोल जायचा, तोल गेला की जाग.
भट्टीनं पेट घेतला तर महिन्याची मजुरी धूर.
कोल्बी एका पायावर उभा राहिला,
सतरापर्यंत मोजलं, पडला.

सकाळी तंबूचा तळ काळा, गुडघे काळे, हात काळे.
ओढ्यात धुतले, निघेनात.
कोळसा उगाळावा तितका काळा म्हणतात,
हा तर दीडशे वर्षं कुणी उगाळलाच नव्हता.

पुढे ओकच्या रानात अचानक डॅफोडिल.
कुणाच्या नाही ध्यानी, ओळीनं, पिवळे.
हे आपोआप येत नाहीत, ओर्फा म्हणाली.
डावीकडे दार असणार, मागे विहीर, पाय जपून.
आणि त्याच्याही पलीकडे
जमिनीतून वीतभर वर आलेले दगड.
नाव नाही, साल नाही.
घटसर्पाचा हिवाळा होता, एवढंच.
चर्चच्या वहीत अकरा नावं.
तिनं काठी टेकवत मोजले. बारा.
दरवर्षी बाराच भरतात.

बारावा नुसताच दगड असेल, मी म्हणाले.
असेल,
ती म्हणाली, आणि त्याच्याही भोवतीची पानं
वाकून, दवाखान्याचा गुडघा बाहेर काढून,
हातानं बाजूला केली.

परतताना वहीत निघण्याची वेळ लिहायची होती.
ओर्फा आधीच गाडीत बसून
उकडलेलं अंडं सोलत होती.
कोल्बीनं पान धरलं, मी लिहिलं,
त्याचा अंगठा तिथे उठला, काळा.
पेन्सिलीचं टोक माझ्याच हातून मोडलं.
पुढच्याला नखानं सोलावी लागेल.