मिळवणी

तेव्हा मी वाचायचे,
कुलसुमबी पेन्सिल टेकवायची:
लॉट चारशे सात, पोती बावीस.
"हाय."
चारशे आठ, एकोणीस.
"हाय."
यार्डातले हमाल घरी गेलेले,
पंखा हळदीची धूळ परत आमच्याच अंगावर टाकायचा.

आता गोदामाची एक फाइल, अडतीची एक.
मुळीकांच्या पोरानं काहीतरी लिहून दिलंय:
बटण दाबलं की कपात चहा पडेपर्यंत
अकराशे ओळी समोरासमोर.
जुळलं ते पांढरं, चुकलं ते पिवळं.
पिवळंच का रे?
म्हणाला, सांगलीत दुसरं काय असणार!

काल एकच ओळ पिवळी.
पोती तीच, वजन तेच, दरही तोच.
गोदामात गिरिमल मगदूम,
अडतीत गिरीमल.
यंत्राच्या लेखी माणसं दोन,
एकाचा माल आलाच नाही,
दुसऱ्याचा कुणी पाठवलाच नाही.

वेलांटी खोडायला एक क्षण पुरला असता.
मी मिरजेला फोन लावला, तिच्या लेकीकडं.
वाचलं: गिरिमल मगदूम, पोती एकतीस.

कुकरची शिट्टी. मग तिचा आवाज,
"हाय की.
पुढं?"