तिसऱ्या बेसपाशी

वेंगुर्ल्याच्या आमच्या कॉलेजचं मैदान म्हणजे लाल जांभा,
काथ्या भरलेली गोणपाटं हेच बेस.
चेंडू सुरूच्या बनात गेला
की खेळ थांबतो, शोधायला दोन्ही संघ.

इथूनच सुटलो होतो मी,
तुळसकर सर हात वर करून "थांब" ओरडत असताना.
घर दोन विती उरलं. आऊट.
गुडघ्यात त्या दिवशीची खडी आहे अजून.

मग चुना आखला, बॅटी मोजल्या,
नऊ वर्षं सहायक, मानधन बाजाराच्या मासळीपुरतं.
सर गेले. शिट्टी त्यांच्या सुनेने आणून दिली,
दोरीला तंबाखूचा वास.

आज डिंगण्यांचा पोर सुटलाय तिसऱ्यावरून.
माझा हात वर.
तो बघतच नाही,
आणि माझ्याच तोंडून
"धाव मेल्या, घराक ये!"