ई की एफ

हातगाडीवरून मशीन उतरवून
भूदेवी यन्नम पायरीवरच बसली, घाम पुसत.
साखर पेठेत मे महिन्यातले अडीच वाजलेले.
"नदाफमामा, हिचं वय सांगा.
भाऊ विकलालाय ओ. म्हणतो, बापानं घेतली.
मी म्हणते, अम्मा घेऊन आलती
लग्नाच्या आधी."

मशीनचं वय तोंडावर लिहिलेलं नसतं.
आधी नुसता हात फिरवायचा.
खांबावरची सोनेरी वेलबुट्टी शाबूत,
सुईसमोरची पार उडालेली,
कापड जिथून सरकत गेलं तिथं लोखंड
गुडघ्यासारखं गुळगुळीत.

सरकपट्टी ओढली. आत गोल बॉबिन नाही,
लांबुडकी, टोकदार डबी.
"हा तर धोटा!" भूदेवी म्हणाली.
मागाच्या खड्ड्याशेजारी रांगलेली पोर ती.
अब्बांनी मला दुसरंच नाव शिकवलं होतं,
पण धोटाच म्हणा.
यंत्रमाग भंगारात गेले तिच्या गल्लीतले,
हा करंगळीएवढा चालू आहे.

दातपट्टी खोलली. खाली धुळीची वडी,
तेलात भिजून घट्ट.
चिमट्यानं उचलली, उन्हात धरली:
वर खाकी, मग निळा, मग पांढरा,
शाळांचे गणवेश, दर जूनचे.
अगदी तळाला एक हिरवा धागा.
"हा कुठला?" मी विचारलं.
ती बोलली नाही. धागा मात्र मागून घेतला.

मग नंबर. बुडाच्या उजव्या कोपऱ्यात,
काळ्या सायीखाली.
रॉकेल, दातांचा जुना ब्रश,
विडी बंडलाचा पातळ कागद वर ठेवून
शिसपेन्सिल आडवी घासली.
सहा आकडे आले. आधी दोन अक्षरं.
पहिलं ई.
दुसरं ई की एफ?
खालची रेघ आहे म्हटलं तर आहे.

अब्बांच्या वहीत दोन्हींची सालं आहेत.
ई असेल तर अम्माच्या लग्नाआधीची,
एफ असेल तर नंतरची.
सूतभर रेघेसाठी
मी भिंग दोनदा पुसलं.

"अम्मा सांगायची," भूदेवी म्हणाली,
"रझाकारांच्या धामधुमीत गाव सोडलं.
मशीन वाकळेत गुंडाळून मांडीवर घेतलं.
वाडी ठेसनात एकानं विचारलं,
पोर आजारी हाय काय?
अम्मानं थोपटलं वरनं."

भावानं पावती पाठवली होती, घडीवर फाटलेली.
मशीनबाबत, रुपये चाळीस.
चाळीसात मशीन? त्या काळीही नाही.
चाळीसात पाय येतात.
मी खाली वाकलो.
स्टँडवरचं नाव कलकत्त्याच्या कंपनीचं,
वरचं विलायतेचं.
फळीत बिजागरीची भोकं दोनदा पाडलेली.
"वरचं अम्माचं," मी म्हणालो, "पाय तुझ्या बापाचे."

ती हसली नाही. रडलीही नाही.
भावाला फोन लावला, तेलुगूत बोलली,
ऐकताना हातातला धागा बोटाला गुंडाळत राहिली.
मग फोन पदराखाली ठेवून म्हणाली,
"पुण्याचा हॉटेलवाला आहे म्हणं.
त्याला पायच पाहिजेत.
वर काच टाकून टेबल करणार.
वरचं भंगारात घाल म्हणला भाऊ."

मी दोन स्क्रू काढले. बिजागरी कुरकुरली.
चाकाला हाताचं हँडल बसवलं,
धोट्यात दोरा भरला, चिंधीवर चार टाके घातले.
सरळ आले.
मजुरी तिनं विचारली, मी ऐंशी सांगितली,
साठ दिले.

संध्याकाळी रिक्षात बसताना
तिनं पिशवीतून जुनी चादर काढली,
मशीन तिच्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं.
रिक्षावाला म्हणाला, "मावशी, मागं ठेवा की."
"असू दे."

मी वहीत नोंद केली: यन्नम, हँडल बदली.
नंबराच्या घरात पहिलं अक्षर ई.
दुसऱ्याला पेन्सिल थोडी थांबली,
मग खालची रेघ
जरा दाबूनच ओढली.