बोरसेंचं घड्याळ

पारोळ्याच्या पेठेत, पानटपरीच्या पाठीला पाठ लावून
माझं दुकान. मे महिना. पंखा नुसता ऊन ढवळतो.
द्वारकाबाई बोरसे चावीचं घड्याळ घेऊन आल्या,
जुन्या लुगड्यात गुंडाळून, लेकरू आणावं तसं.
"पाच मिन्टं मांगे पडस," म्हणाल्या,
"बाकी काही नही."

मागची फळी खोलली तर आत
अख्खं घराणं.

कोपऱ्यात थुंकीने चिकटवलेली डबी,
चिंचोक्याहून लहान, काळपट,
एका कडेला बटव्यासारखी शिवण.
शिवण उसवलेली. चौदा-पंधरा जणं
एकमेकांना रेटत इथून बाहेर पडली असणार,
कुणी वाट पाहत नसताना.
आई तोवर पुढच्या डबीची जागा हुडकत कुठल्या कुठे.

मग कातडी. पाठीवर फाटलेली,
पाय-मिशांसकट शाबूत:
एक तिळाएवढी, एक तुरीच्या दाण्याएवढी,
एक थेट खारकेच्या बीएवढी.
वर्षभरात दहा-बारा वेळा अंग आखूड झालं
आणि दर वेळी त्यांनी अंगच सोडून दिलं.
मी अजून लग्नातल्या सफारीत दिवाळी काढतो.

तासाच्या चाकामागे एक नुकतंच निघालेलं.
पांढरं.
सोललेल्या लसणासारखं, डोळे तेवढे काळे.
हवा गिळून गिळून फुगत होतं,
पाठीवर पहिल्यांदाच आलेले पंख, ओले, चुरगळलेले.
चप्पल हातात होती. हात उठेना.
भिका म्हणाला, "आप्पा, मारा ना."
म्हटलं, चहा सांगून ये.

चहा आला, निवला. लाइट गेली, आली.
तोवर ते चहाच्या रंगाचं झालं,
मग गुळाच्या,
मग आपल्या रोजच्या ओळखीचं.
ओळख पटली तशी चप्पल उठली,
तेवढ्यात ते टपरीच्या भिंतीतल्या भेगेत.

चाकं पुसली. तेल दिलं. आत एक डांबरगोळी.
पावतीवर लिहिलं: साफसफाई, साठ रुपये.

आठ दिवसांनी द्वारकाबाई परत.
वेळ बरोबर दाखवतं, त्याची तक्रार नाही.
पण रात्री टिकटिकीच्या खाली
एक बारीक सळसळ असायची म्हणे,
मालक गेल्यापासून
तिच्यावरच डोळा लागायचा.
"ती बी परत टाकी दे ना, भाऊ."

मी फळी उघडली,
डांबरगोळी काढून खिशात घातली.
त्याची पावती केली नाही.