आडोशाची जागा

चोपड्याच्या डेपोतून तीन आडोसे आले.
तिन्ही गोल पिशव्यांत, तिन्हींवर
कुठल्यातरी थंड देशातली पानं छापलेली.
पौर्णिमा आठवड्यावर, पाणवठा एकच उरलेला.
रेंजर म्हणाले, यातला कुठला लावायचा, कुठं लावायचा,
ते तुम्हीच बघा, तडवी मॅडम.

पहिला उघडला. फटकन उघडला,
सालईवरचे दोन होले उडून गेले.
खुमसिंगबाबा उकिडवा बसून बघत होता.
त्यानं कापड नाकाशी नेलं.
म्हणाला, ह्याला दुकान लागलंय.

दुसऱ्याला चार खिडक्या. चारही उघड्या
आणि उजेड आरपार. आत मी
पडद्यामागच्या बाहुलीसारखी.
मागची शिवून टाक, बाबा म्हणाला,
पुढची वीतभर ठेव.
आत काळोख पाहिजे, पोटात असतो तसा.
आणि ही पांढरी ओढणी घरी.

तिसरा एकट्याचा, खुर्चीला जोडलेला.
बसले. खुर्ची कुरकुरली.
त्याच्याकडे बाबानं पाहिलंसुद्धा नाही.

दुसराच ठरला. रात्रभर त्याच्या चुलीवर टांगला,
मोहाच्या लाकडाचा धूर पिऊ दिला.

मग जागा.
मी शोधलेली चांगली होती: अंजनाखाली,
सावली, पाणी अगदी समोर.
बाबानं मूठभर राख सोडली.
ती माझ्या अंगावरून सरळ पाण्याकडे गेली.
पावरा माणूस, पण माझ्याशी बाजारातली अहिराणी बोले:
आठे नको, बेटा. वारा कथाईन येस ते देख.
दिवसा तो डोंगर चढतो, दिवस बुडाला की उतरतो.
बसायचंय रात्री
आणि जागा बघतेस दुपारची.

तो पाण्यापाशी गेला. ओल्या मातीतले खूर पाहिले.
तिथून पाठमोरा चालू लागला, पावलं मोजत,
करवंदीच्या जाळीला पाठ लागेपर्यंत.
बावीस. टाचेनं खूण केली.

बावीसच का, बाबा?
कॅमेरा तर शंभरावरूनही घेतो.

तो टाचेकडे बघत राहिला
आणि तंबाखू मळू लागला.

त्याच्या घरात, देव्हाऱ्याच्या वर,
प्लास्टिकमध्ये घातलेली एक पावती आहे.
मी ती नंतर वाचली.
तिरकामठा एक, बाण सात, जमा.
खाली माझ्याच खात्याचा शिक्का,
माझ्या जन्माच्या आधीचा.

सहा दिवस आडोसा रिकामाच उभा राहिला.
जनावराला त्याची सवय होऊ दे, तो म्हणाला,
तुझी नंतर होईल.

पौर्णिमेला आम्ही दोघं. पंचेचाळीस अंश तापलेली जमीन
रात्रीही खालून भाजत होती.
साडेदहाला साळिंदर. बाराला रानडुकरं, पिलं धरून नऊ.
मग बराच वेळ काहीच नाही, फक्त टँकरनं भरलेल्या पाण्यात
चंद्र, आणि त्यात पडलेलं एक पान.

एक चाळीसला भेकर आलं.
मादी. थांबली, मान वळवली, आमच्याकडे पाहिलं,
वीतभर काळोखाकडे.
आडवी झाली. पुढचा पाय एक पाऊल पुढे,
फासळी उघडी.

शेजारचा श्वास अर्धा सुटून थांबला.
मी कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्या हाताकडे पाहिलं.
गुडघ्यावर पडलेला उजवा हात.
तीन बोटं वाकली होती,
नसलेल्या दोरीवर.

ती पाणी प्यायली. खूप वेळ प्यायली.
घशातून उतरणारा घोट मला ऐकू आला, शपथ.
मग गेली, आणि बाबानं उरलेला श्वास सोडला.

मी तक्ता भरला: भेकर, मादी, १.
अंतराचा रकाना होता. बावीस पावलं लिहिलं.
फोटो काढायचा राहिला.

सकाळी आडोसा पिशवीत जाईना.
दोघांनी पिळला, दुमडला, त्यावर बसलो,
तो फटकन पुन्हा उघडायचा.
बाबा इतका हसला की त्याला ठसका लागला.
शेवटी तसाच जीपच्या टपावर बांधला,
आणि अनेरच्या काठाकाठानं
ती थंड देशातली पानं फडफडवत
आम्ही निघालो, सगळ्या रानाला दिसत.