तीन पेड

डीदो, तुझा डबा उघडला काल.
बिस्किटांचा, झाकणावर रंग उडालेली घोडागाडी.
आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की त्यात माती आहे,
तुझ्या गावची, त्या नदीकाठची,
जिचं नाव घेताना तुला नेमका खोकला यायचा.
कुणी विचारलं नाही कधी.
आई फळी पुसायची तेव्हा तो डबा
देव पुसावेत तसा पुसून जागच्या जागी ठेवायची.
बाबा म्हणाले, पेटीत ठेवू त्यांच्याबरोबर.
मी म्हटलं, आधी बघू तरी.

कीथली. लिहायचं एक, म्हणायचं भलतंच.
"हे गावसुद्धा आपलं नाव सरळ सांगत नाही,
म्हणून तर मला चालवून घेतलं," तू म्हणायचास.
ओमेल्यान ह्रिनिश्चुकचा गिरणीत पहिल्याच दिवशी लेन झाला
आणि पगाराच्या पाकिटावर तीस वर्षं लेनच राहिला.
लोकर विंचरायचं खातं, रात्रपाळी.
सकाळी यायचास तो ओल्या मेंढीच्या वासाचा,
लोकरीतल्या चरबीनं हात मऊ पडलेले,
आणि तेच हात थेट माझ्या डोक्यावर.

कारण आई अजून वॉर्डातच असायची.
मिरजेची नर्स, तिची रात्र तुझ्या रात्रीहून दीड तास लांब.
तिनं तुला एकदाच दाखवलं:
खोबरेल कोमट कर, मग तीन पेड,
उजवा मधल्यावरून, डावा मधल्यावरून.
तू हसलास. हे येतं मला,
लसणाची करतात तशी.
आई म्हणाली, वेणी.
तू म्हणालास, वीनोक.
आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिलात,
परगावच्या स्टँडवर
आपल्याच आडनावाचं माणूस भेटावं तसे.

इतकी घट्ट घालायचास
की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या.
शाळेत बाई विचारायच्या,
तुला रोज सकाळी कसलं एवढं आश्चर्य वाटतं?

पोस्टमन गठ्ठ्यांची रबरं रस्त्यात टाकत पुढे जायचा,
तू मागून वेचत. भर थंडीत, वाकून, कंबर धरून.
मी लाजेनं समोरच्या फुटपाथवर.
"फुकट आहेत!" तू इकडून ओरडायचास,
सगळ्या केल्विन स्ट्रीटला ऐकू जाईल असं.

सोळाव्या वर्षी तुला बाजारातून उचलून
जर्मनीला कामाला नेलं, हे तू नाही सांगितलंस.
काल प्रार्थनेला आलेल्या म्हाताऱ्या फेदोरानं सांगितलं,
कपात बिस्किट बुडवता बुडवता.
घरचं मीठ आणायला गेला होतास म्हणे.
मला तू एवढंच शिकवलेलंस,
मीठ संपू देऊ नये,
आणि आणायला एकट्यानं जाऊ नये.
मला वाटायचं, म्हातारपणाचा चळ.

पंधराव्या वर्षी मी केस कापून घरी आले.
काही बोलला नाहीस.
बूट घालून तुझ्या वाफ्यावर निघून गेलास.
त्या उन्हाळ्यात लसणाच्या अकरा वेण्या झाल्या.
खाणारी माणसं आपण चार.

डब्यात रबरं होती, डीदो.
शेकडो. तपकिरी, सुकलेली,
बोट लावलं की मोडणारी.
एका-दोघांत माझा लांब केस गुरफटलेला,
काळा, अजून तेलकट वाटावा असा.
बाबा खिडकीकडे वळले.
आई म्हणाली, माती असती तर सोपं गेलं असतं.

डबा तुझ्याबरोबर येईल.
एकच काढून घेतलंय, ताणलं तरी तुटलं नाही ते.
शेडमध्ये यंदाचा लसूण पडलाय पातीसकट,
तू उपटून ठेवलेला, गुंफायचा राहिलेला.
पात वाळत चाललीय, आजच करायला हवं.
उजवा मधल्यावरून.
डावा…
हाताला येतंय हळूहळू.
गाडी दहाला येणार आहे.