विनातिकीट

एकतीस वर्षं या रस्त्यानं उभ्यानं गेलो,
खरं चालत कधी नाही.

आज पहाटे पिरनवाडीच्या फाट्यावर
पायात मुलाचे बूट, खांद्याला तीच चामडी पिशवी,
आत चिल्लरीच्या जागी चार भाकरी, खर्डा
आणि डॉक्टर मुचंडींनी दिलेल्या गुडघ्याच्या गोळ्या.
"कणकुंबी? चालत? सर्व्हिस बंद हाय काय?"
चहाचा बसाप्पा विचारतो.
सर्व्हिस चालू आहे. मीच बंद झालोय,
गेल्या एकतीस तारखेला.

पिरनवाडी ते किणये, हे अंतर मला रुपयांत पाठ.
आधी साठ पैसे, मग दीड, मग पाच,
शेवटी हातात मशीन पडलं, ते सांगेल तो आकडा.
पायांना सुट्टे पैसे समजत नाहीत.
पाय म्हणतात, इथं चढ आहे.
इतक्या वर्षांत हा चढ मला कुणी सांगितला नव्हता.
ड्रायव्हर गिअर बदलायचा तेव्हा
मी मागच्या सीटवर
पन्नासच्या नोटेवरून भांडत असायचो.

रानात रताळ्यांची काढणी चाललीय.
माती तांबडी, ओली नाही, कोरडीही नाही,
मूठ उघडली तरी थोडा वेळ मुठीचीच राहते.
बांधावरून गंगव्वा
अर्धं कन्नड, अर्धं मराठी विचारते, "यल्लिगे, मामा?"
मीही अर्धं-अर्धंच उत्तर देतो.
पिशवीत दोन रताळी पडतात.
माझा हात तिकीट फाडायला जातो.

पुढच्या मैलाच्या दगडावर डांबर फासलंय.
कुठल्या भाषेवरचा राग, ते आता कळत नाही,
आकडाही गेला त्यात.
मी त्यावर बसून बूट झाडला.
खडा निघाला, गव्हाएवढा.
दोन कोस छळत होता.

दुपार कलल्यावर ते वळण.
इथं भैरू हलगेकर उतरायचा.
कुसमळीचं पूर्ण तिकीट काढून
दीड किलोमीटर आधी दोरी ओढायचा.
ना थांबा, ना वस्ती, ना पाऊलवाट.
"होल्डान!" मी ओरडायचो, शिवी गिळून.
ड्रायव्हर करगुप्पी गिळायचा नाही.
बारा वर्षं असंच.
मग एका हिवाळ्यात भैरू यायचा थांबला
आणि मला बरंच वाटलं, टायमिंग सुधारलं म्हणून.

आज मी उतरलो. म्हणजे थांबलो.
काही नाही. कुंभ्याची दोन झाडं, कारवी,
एक चपटा दगड, बसून बसून गुळगुळीत.
बसलो.
बराच वेळ कानात इंजिनच चालू होतं,
इतकं जुनं लवकर बंद होत नाही.
मग झालं बंद,
आणि खालच्या झाडीतून पाणी ऐकू आलं.
मलप्रभा. इथं अजून परकरातली.
पुलावर मी रोज गावाचं नाव ओरडलोय,
तिचं कधी नाही.
भैरू एवढ्यासाठी उतरायचा?
नसेलही. लघवीला लागत असेल.
विचारायला हवं होतं.
दीड किलोमीटरचे पैसे
दर खेपेला त्याचे आमच्याकडे राहिले.

चारची गाडी मागून आली.
दारात नवा पोरगा, कॉलरला शिट्टी.
"हत्तरी अण्णा! तिकीट ब्याड!"
चाळीस डोकी खिडक्यांतून माझ्याकडे.
त्यात कुणाला उशीर होतोय, मला दिसतं,
तिसऱ्या खिडकीतल्या बाईला.
मी हातानं नको म्हटलं.
तो तसाच थांबला. लहान आहे,
म्हाताऱ्याला रानात सोडवेना.
शेवटी मीच पुढं होऊन
पत्र्यावर दोन थापा मारल्या,
"रैट!"

धूळ बसायला वेळ लागला.
जांबोटी अजून लांब, कणकुंबीचं उद्या बघू.
डाव्या टाचेला फोड आलाय,
आणि उजवीकडच्या डोंगरानं
ऊन आवरायला घेतलंय.
एक रताळं कच्चंच सोललं. गोड आहे.

ट्रिपशीट असती तर भरली असती:
प्रवासी एक.
जमा दोन रताळी, त्यातलं एक खर्च.
पोचण्याची वेळ